धुराचेही माप हवे, आणि ते खरे हवे

धंद्यात मापाची काय किंमत असते, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. सूत किलोवर येते, कापड मीटरवर जाते, विणाईची मजुरी पिकावर ठरते. वजनात थोडा फरक पडला तरी गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभे राहून हिशोब मागते. मात्र आपल्याच धुराड्यातून दिवसरात्र जो माल बाहेर पडतो, त्या धुराचे माप आपल्यापैकी किती जणांकडे आहे? आणि ज्या मालाचे माप नाही, त्याचा दंड कोण ठरवणार आणि कशावरून?

हा प्रश्न आमच्या मनात आला तो एका सायझिंगमध्ये. यंत्रमागाच्या एका गावात आमच्या ओळखीच्या एका बुजुर्ग चाचांचे सायझिंग आहे. सुताला खळ लावून ते सुकवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला कोळसा किंवा लाकूड. आम्ही गेलो तेव्हा अंगणात धूळ पकडणारे एक मोठे यंत्र उभे होते, पण ते बंद होते. आम्ही विचारले, "चाचा, हे चालत का नाही?" चाचा हसून म्हणाले, "साहेबांनी सांगितले होते, यंत्र बसवा. बसवले. चालवा असे सांगायला कोणी आले नाही. चालवले तर विजेचे बिल वाढते, आणि न चालवणाऱ्या शेजाऱ्याचे बिल कमी येते. मग भावात मी मागे पडतो."

चाचांनी दोन वाक्यांत जे सांगितले, तेच सिद्ध करण्यासाठी जगातल्या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी गुजरातमध्ये दहा-पंधरा वर्षे खर्ची घातली आहेत. त्यांचे संशोधन इंग्रजी नियतकालिकांत छापले जाते आणि तिथेच राहते. ज्यांच्या बॉयलरवर ते झाले, त्यांच्यापर्यंत ते पोचत नाही. म्हणून आज या पानावर त्याचा सविस्तर हिशोब मांडण्याचे आम्ही ठरवले आहे.

आदेशाचा रस्ता

आपल्या देशात धुराचा बंदोबस्त आजवर मुख्यतः आदेशाने झाला. हे इंधन बंद करा, ते यंत्र बसवा, नाहीतर कुलूप लावा, असा हा रस्ता. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ताजमहालाचे. १९८४ मध्ये एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि ३० डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला. ताज परिसरातल्या २९२ कारखान्यांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायू घ्यावा, अन्यथा परिसर सोडावा, असा तो निकाल होता. फिरोजाबादच्या काचेच्या भट्ट्याही याच परिसरात येतात. बांगड्या बनवणाऱ्या आपल्या हजारो कारागीर बांधवांची रोजी त्या भट्ट्यांवर चालते.

ताजमहाल वाचवू नये, असे कोण म्हणेल? पण आदेशाने इंधन बदलले, भट्टी बदलली नाही. कोळशासाठी बांधलेल्या भट्टीत वायू जाळला की उष्णतेचा मोठा भाग वायाच जातो. वायूवर किफायतशीर चालेल अशी भट्टी कशी असावी, याचे उत्तर न्यायालयाच्या निकालात असण्याचे कारणच नव्हते. ते टेरी या संशोधन संस्थेने शोधले. बाहेर जाणारी उष्णता पकडून तिनेच आत येणारी हवा तापवणारी भट्टी तिने तयार केली आणि २००० सालाच्या सुमारास ती फिरोजाबादेत चालू लागली. तात्पर्य असे, की आदेश आधी आला आणि हुन्नर नंतर. मधल्या काळाची किंमत भट्टीवाल्याने आणि त्याच्या कामगाराने मोजली.

दुसरे उदाहरण गुजरातेतल्या मोरबीचे. घराघरांत बसणाऱ्या फरशा तिथे बनतात. तिथले कारखानदार कोळशापासून वायू तयार करून भट्ट्या चालवत. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ते गॅसिफायर बंद करायला लावले आणि कारखाने नैसर्गिक वायूकडे वळले. पुढे २०२१-२२ मध्ये जागतिक बाजारात वायूचे भाव भडकले, युक्रेनच्या युद्धाने त्यात आणखी भर पडली, आणि मोरबीच्या अनेक कारखान्यांना प्रोपेनचा आधार घ्यावा लागला. हवा शुद्ध झाली पाहिजे हे खरेच. पण आदेशाने इंधन बदलता येते, इंधनाचा भाव बदलता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

तपासणीचा रस्ता

आदेशाच्या जोडीला तपासणी येते. तिचे काय होते, हे दोन प्रयोगांनी दाखवून दिले.

गुजरातमध्ये मोठे प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार दरवर्षी बाहेरच्या तपासनिसाकडून तपासणी करून घ्यावी लागते. पण त्या काळी तपासनिसाची निवड कारखानदारच करत असे, पैसेही तोच देत असे. ज्याचे मीठ खायचे त्याच्याच विरुद्ध अहवाल कोण लिहील? २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद आणि सुरतच्या ४७३ कारखान्यांत याची परीक्षा घेतली. डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिकही मिळाले.

जुन्या पद्धतीत धुळीच्या कणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने तपासनिसांच्या अहवालात केवळ ७ टक्के होते. संशोधकांनी स्वतंत्र माणसे पाठवून फेरमोजणी केली, तेव्हा तो आकडा ५९ टक्के निघाला. अहवालातले बहुतेक आकडे मर्यादेच्या किंचित खाली येऊन थांबलेले! मग निम्म्या कारखान्यांसाठी पद्धत बदलली. तपासनीस चिठ्ठीने नेमला, त्याचा मेहनताना सामाईक निधीतून दिला आणि त्याच्या कामाची मधूनमधून फेरतपासणी केली. अहवाल खरे येऊ लागले. आणि अहवाल खरे येऊ लागताच या कारखान्यांचा धूरही कमी झाला. येथे कायदा तोच होता आणि दंडही तोच होता. माप तेवढे खरे झाले.

दुसरा प्रयोग तपासणीच्या फेऱ्यांचा. चिठ्ठीने निवडलेल्या कारखान्यांत फेऱ्या दुपटीहून अधिक वाढवल्या. नोटिसाही दुपटीहून अधिक गेल्या. पण सरासरी धुरात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मर्यादेच्या पाचपट धूर सोडणारे खरे बडे गुन्हेगार या वाढीव फेऱ्यांत अधिक सापडले, असेही झाले नाही. साहेबांची जीप वारंवार आली म्हणून हवा शुद्ध होत नाही, असा याचा अर्थ. कारखानदाराचा एक दिवस जातो, कारकुनाची एक फाईल जाड होते आणि धुराडे जसे होते तसेच राहते.

सुरतेचा बाजार

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. धुराला भाव लावावा, हा विचार नवा नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच म्हटले होते, की जो इतरांचे नुकसान करतो त्याच्याकडून तेवढा कर घ्यावा. पुढे कॅनडातल्या जॉन डेल्स यांनी १९६८ मध्ये वेगळी युक्ती मांडली. एकूण प्रदूषणाची मर्यादा सरकारने ठरवावी आणि त्या मर्यादेतले परवाने लोकांना आपसांत विकू-घेऊ द्यावेत. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने वीजकेंद्रांच्या गंधकाच्या धुरासाठी असा बाजार उभा केला. तो १९९५ पासून सुरू झाला. पण हे सगळे श्रीमंत देशांत. आपल्याकडे जिथे अहवालच खोटे, तिथे बाजार कसा चालणार, असा सर्वांचाच समज होता.

२०१०-११ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने गुजरात, तामिळनाडू आणि आपला महाराष्ट्र या तीन राज्यांत असा प्रयोग करण्याचे ठरवले. प्रत्यक्षात तो बाजार उभा राहिला तो २०१९ मध्ये, सुरतेत. धुळीच्या कणांसाठी जगातला हा पहिलाच बाजार. त्यात सुमारे ३१७ कारखाने निवडले होते. बहुतेक कापडाची रंगाई-छपाई करणारे, कोळसा आणि लिग्नाइट जाळणारे. भिवंडी-मालेगावच्या मागावर निघालेले बरेचसे कोरे कापड रंगाईसाठी बाहेरगावी जाते. तेव्हा हे कारखाने आपल्याला परके नाहीत.

सर्व कारखान्यांच्या धुराड्यांत सतत मोजणारी यंत्रे बसवली. नंतर चिठ्ठी टाकून साधारण निम्मे कारखाने बाजारात घेतले आणि उरलेले जुन्याच नियमांखाली ठेवले, म्हणजे दोन्हींची तुलना करता यावी. बाजारातल्या कारखान्यांसाठी धुराची एकूण मर्यादा किलोत ठरवली आणि तेवढेच परवाने काढले. ८० टक्के परवाने कारखान्यांच्या आकारमानानुसार फुकट वाटले, २० टक्क्यांचा लिलाव केला. ज्याच्याकडे परवाने उरतील त्याने विकावेत, ज्याला कमी पडतील त्याने घ्यावेत. भाव किलोला ५ रुपयांच्या खाली नाही आणि १०० रुपयांच्या वर नाही. प्रत्येकाकडून आधीच अनामत घेतली. मुदतीअखेर ज्याचा धूर त्याच्या परवान्यांपेक्षा जास्त भरला, त्याच्या अनामतीतून कमाल भावाच्या दुप्पट दराने रक्कम कापायची. कोर्टकचेरी नाही, कुलूप नाही.

आमच्या व्यापारी वाचकांसाठी हे सोप्या हिशोबात मांडतो. समजा, दोन कारखाने आहेत आणि प्रत्येकाने ५०० किलो धूळ कमी करायची आहे. पहिल्याचा बॉयलर नवा आहे, त्याला एक किलो धूळ कमी करायला ८ रुपये पडतात. दुसऱ्याचा जुना आहे, त्याला ४० रुपये पडतात. आदेशाच्या पद्धतीत पहिला ४,००० आणि दुसरा २०,००० रुपये खर्च करील. एकूण २४,००० रुपये. आता बाजार सुरू केला आणि भाव २० रुपये ठरला. पहिला स्वतःची ५०० आणि दुसऱ्याच्या वाट्याचीही ५०० किलो धूळ कमी करील. त्याचा खर्च ८,००० रुपये. दुसरा त्याच्याकडून ५०० किलोचे परवाने १०,००० रुपयांना घेईल. दुसऱ्याचे १०,००० वाचले, पहिल्याच्या हाती २,००० रुपये उरले, आणि हवेतली धूळ मात्र दोन्ही पद्धतींत सारखीच, म्हणजे १,००० किलोने कमी झाली. प्रत्यक्षात फरक इतका मोठा पडत नाही, पण धंद्याचे गणित हेच.

निकाल काय लागला?

ग्रीनस्टोन, पांडे, रायन आणि अनंत सुदर्शन यांनी या प्रयोगाचा निकाल २०२५ मध्ये क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स या नियतकालिकात छापला. बाजारातल्या कारखान्यांचा धूर बाहेर राहिलेल्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी झाला. परवान्यांचे बंधन जवळजवळ प्रत्येकाने पाळले. आणि तेवढाच धूर जुन्या पद्धतीने कमी करायला जो खर्च आला असता, त्यापेक्षा ११ ते १४ टक्के कमी खर्चात हे काम झाले. लोकांच्या आयुष्याला आणि आरोग्याला झालेला फायदा खर्चाच्या किमान २५ पट आहे, असा त्यांचा हिशोब आहे. पुढे गुजरातने असा बाजार अहमदाबादेतही नेला.

यातली एक गोष्ट आमच्या मते सर्वांत मोलाची आहे. सुरतेच्या बहुतेक कारखान्यांत धूळ पकडणारी साधने आधीपासूनच होती. चाचांच्या अंगणात आहे तसेच यंत्र त्यांच्याकडेही होते. बाजाराने त्यांना ते चालवण्याचे कारण दिले. किलोगणिक धूर मोजला जातो आणि वाचवलेल्या किलोला भाव मिळतो म्हटल्यावर पिशव्यांची झडती वेळेवर होऊ लागते, फाटलेली पिशवी बदलली जाते, भट्टीवाल्याला कोळसा नीट टाकायला सांगितले जाते. आणि चाचांची जी मुख्य तक्रार होती, की न चालवणारा शेजारी भावात पुढे जातो, ती इथे मिटते. कारण न चालवणाऱ्याला आता परवाने विकत घ्यावे लागतात. इमानदारीने धंदा करणारा या व्यवस्थेत तोट्यात जात नाही.

दुसरी बाजू

वाचकांनी असे समजू नये, की आम्ही या बाजाराची जाहिरात करत आहोत. याला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्यालाच जास्त लागू आहे.

पहिली गोष्ट, सुरतेचा बाजार मोठ्या कारखान्यांचा आहे. ज्याला उंच धुराडे आहे, ज्याला सतत मोजणारे महागडे यंत्र परवडते, त्याचा. दोन-चार कारागिरांच्या भट्टीला, बेकरीला, पितळेच्या ओतकामाला, छोट्या सायझिंगला ते यंत्र कसे परवडेल? मापाचा खर्चच मालाच्या नफ्याहून जास्त झाला तर ते माप कसले? उद्या हाच नियम जसाच्या तसा छोट्यांवर लादला, तर मोठे राहतील आणि छोटे मिटतील. मग म्हणतील, बाजाराने मारले. खरे पाहता मारले असेल ते मापाच्या खर्चाने.

दुसरी गोष्ट, एकूण धूर कमी झाला तरी तो कुठे कमी झाला, हा प्रश्न उरतोच. ज्या कारखान्याने परवाने विकत घेतले, त्याच्या भिंतीला लागून असलेल्या मोहल्ल्याला शहराच्या सरासरीने काय मिळणार? आणि भिंतीला लागून कोण राहते? त्याच कारखान्याचा कामगार राहतो, त्याची बायकामुले राहतात. आपल्या वस्त्या आणि आपले कारखाने एकाच गल्लीत आहेत, ही आपली जुनी अडचण. म्हणून धुराच्या प्रश्नावर "सरकार आमच्या धंद्यामागे लागले आहे" एवढे बोलून आपल्याला गप्प बसता येत नाही. आपण नोटिशीतून सुटलो तरी आपल्या मुलांच्या छातीतला दमा सुटत नाही.

तिसरी गोष्ट, परवान्यांचे फुकट वाटप आकारमानावर होते. म्हणजे ज्याची नोंद आहे त्याला हिस्सा मिळतो. ज्याचा कारखाना कागदावरच नाही, त्याच्या वाट्याला परवाने नाहीत, दंड मात्र आहे. आपल्यापैकी कितीतरी जण अजूनही नोंदणी टाळण्यात शहाणपण मानतात. पुढच्या काळात हे शहाणपण महागात पडणार आहे.

छोट्यांसाठी वाट

मग छोट्यांनी काय करायचे? याचे एक उत्तर आपल्या शेजारच्या बांगलादेशातून आले आहे. तिथल्या वीटभट्ट्या बहुतांशी कोळशावर चालतात आणि सरकारी नियम त्यांच्यापर्यंत फारसे पोचत नाहीत. संशोधकांनी २७६ भट्ट्या घेतल्या. काही भट्ट्यांच्या मालकांना आणि कामगारांना हुन्नर शिकवला. विटा कशा रचाव्यात म्हणजे हवा नीट खेळेल, कोळसा एकदम न ओतता थोडा थोडा सतत कसा टाकावा, वरचा राखेचा थर किती ठेवावा म्हणजे उष्णता निसटणार नाही. नवे यंत्र नाही, कर्ज नाही, दंडाची धमकी नाही. शिकवलेल्यांपैकी ६५ टक्के भट्ट्यांनी ही पद्धत उचलली. इंधनाचा वापर साधारण १० टक्क्यांनी घटला, आणि धूळ व कार्बन वायूही कमी झाले. हा निकाल २०२५ मध्ये सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मालकांनी ही पद्धत का उचलली? त्यांना हवेची काळजी वाटली म्हणून? असेलही. पण कोळशाचे पैसे वाचले आणि चांगल्या प्रतीच्या विटा जास्त निघाल्या, हे कारण अधिक पटण्यासारखे आहे. धूर म्हणजे न जळलेले इंधन, आणि न जळलेले इंधन म्हणजे धुराड्यातून उडालेले पैसे. हे ज्याला कळले त्याला नोटिशीची गरज राहत नाही. आणि भट्टीत कोळसा टाकणारा माणूस हा केवळ रोजंदारीचा मजूर नव्हे, तो कारागीर आहे, हेही या प्रयोगाने दाखवले. त्याच्या हातात दहा टक्के इंधन आहे. त्याला शिकवले, दोन पैसे जास्त दिले, तर मालकाचा खर्च कमी होतो.

दुसरी वाट सामाईक सोयीची. गुजरातच्या काही औद्योगिक वसाहतींत एकच मोठा बॉयलर चालतो आणि त्याची वाफ नळाने कारखान्या-कारखान्याला मोजून विकली जाते. वीस छोट्या धुराड्यांऐवजी एक धुराडे, एक चांगले धूळ पकडणारे यंत्र, एक मोजणारे यंत्र. वीस सायझिंगवाले एकत्र आले तर मापाचा खर्च वीस जणांत वाटला जातो. अडचण पैशाची आहेच, पण त्याहून मोठी अडचण एकमेकांवर विश्वास ठेवण्याची आहे. आपल्याकडे भागीदाऱ्या किती टिकतात, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

आमचे म्हणणे

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१७ मध्ये याच संशोधकांच्या मदतीने कारखान्यांना धुरानुसार एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली होती. म्हणजे मापाचा विचार आपल्या राज्याला नवा नाही. तो आज ना उद्या आपल्या दारापर्यंत येणार आहे. तो आल्यावर निषेधाचे निवेदन घेऊन धावण्यापेक्षा, आधीच आपल्या अटी मांडणे शहाणपणाचे ठरेल. आपल्या व्यापारी संघटनांनी चार मागण्या कराव्यात, असे आम्हाला वाटते.

एक, यंत्राचा आदेश नको, धुराची मर्यादा सांगा. ती कशी गाठायची हे कारखानदाराला ठरवू द्या. दोन, मोजणाऱ्याचे पैसे कारखानदाराने थेट देऊ नयेत. सामाईक निधीतून द्यावेत आणि त्याच्या कामाची फेरतपासणी व्हावी, म्हणजे खोटा अहवाल विकत घेणाऱ्याला फायदा होणार नाही आणि खऱ्याला तोटा होणार नाही. तीन, छोट्यांच्या मापाचा खर्च सरकारने उचलावा किंवा त्यांना गट करून एकत्र मोजून घेण्याची मुभा द्यावी. चार, इंधन बदलायला सांगाल तर आधी त्या इंधनावर चालणारी भट्टी दाखवा, आणि भाव भडकले तर काय करायचे तेही सांगा. फिरोजाबाद आणि मोरबीचा धडा पुन्हा आमच्या खर्चाने नको.

मागण्या करणाऱ्यावर जबाबदारीही येते. आपल्या कारखान्याची नोंद करून घ्यावी. दर महिन्याला किती कोळसा आला आणि त्यात किती माल निघाला, याची साधी वही ठेवावी. एक किलो सुताच्या सायझिंगला किंवा एक हजार बांगड्यांना किती इंधन लागते, हा आकडा ज्याला माहीत नाही, त्याने धंदा ओळखला असे म्हणता येणार नाही. बसवलेले यंत्र चालवावे. आणि कचरा, चिंध्या, प्लास्टिक स्वस्त पडते म्हणून बॉयलरमध्ये टाकण्याची सवय सोडावी, कारण ती स्वस्ताई शेजारच्या घरातल्या लहान मुलाच्या श्वासातून वसूल होते.

आम्ही ही सगळी हकीकत त्या चाचांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, परवान्यांचा हिशोब दोनदा विचारला आणि म्हणाले, "म्हणजे मी यंत्र चालवले तर तो शेजारी मला पैसे देणार?" आम्ही म्हटले, "माप खरे असेल तर देणार." चाचा थोडा वेळ यंत्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तराजू सरकारने खरा लावावा, वजन आम्ही पुरे भरू."

आमच्या मते, एवढ्या संशोधनाचे सार या एका वाक्यात आले आहे. सरकारने तराजू खरा लावावा आणि आपण वजन पुरे भरावे. यातले दुसरे काम आपल्या हातात आहे, आणि ते सुरू करायला कोणत्याही आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही.